खुरप्याच्या टोकावरचे औषध

मंठा हे नाव पुण्या-मुंबईच्या वाचकांच्या कानांवरून गेले असण्याचा संभव थोडाच. जालन्याहून आग्नेयेला साठ-पासष्ट किलोमीटरांवरचे हे तालुक्याचे गाव. शेगावहून पंढरपूरला जाणारा रस्ता आणि जालन्याहून जिंतूरकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना भेटतात. आगगाडी नाही, ती गाठायची तर परतूरला जावे लागते. १९८१ साली जालना जिल्हा निराळा झाला, तोवर हा मुलूख परभणीचा होता आणि त्याच्याही आधी, १९४८ पर्यंत, निजामाचा. उत्तरेकडे तासाभरात लोणारचे ते विख्यात विवर लागते, म्हणजे वऱ्हाड सुरू होते. त्यामुळे येथली भाषा अर्धी मराठवाडी नि अर्धी वऱ्हाडी. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. मंठ्याला ती चावडीपासून वेशीपर्यंतच्या वाटेवरही थोडी बदलते!

या भागात कोणाच्या घरी जाऊन यजमानांची चौकशी केली तर हमखास उत्तर येते, "ते रानात गेलेत." शहरातल्या पाहुण्याला वाटावे, गृहस्थ शिकारीला गेले, नाहीतर संन्यास घेतला. पण येथे रान म्हणजे शेत. काळ्या कसदार जमिनीचा, फारशी झाडी नसलेला, सातशे मिलिमीटरच्या आसपासच्या पावसावर कसाबसा तगणारा हा प्रदेश. त्यात दुसरे रान येणार कोठून? 'रानभाजी' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीची ओली गर्द राई उभी राहते. मंठ्याची रानभाजी तसली नव्हे. ती नांगरलेल्या, पेरलेल्या, माणसाच्या पायाखालच्या जमिनीत उगवते. शेतकऱ्याच्या हिशेबी ती तण आहे. आणि हे तण औषध आहे हे ज्यांना ठाऊक, त्या बाया ते उपटण्यासाठीच रोजाने बसलेल्या असतात.

बोलीतले शब्द टिपण्याच्या निमित्ताने माझे या बाजूला बरेच जाणे-येणे झाले आहे. आमचा एक जुना विद्यार्थी तालुक्यातल्या एका खेड्यात शेती करतो. मुक्काम त्याच्याच घरी. मी गेलो होतो क्रियापदांच्या रूपांसाठी, आणि गुंतलो पाल्यात. कारण त्याच्या मातोश्रींना, ज्यांना मी मावशी म्हणतो, एकेका झुडपाची इतकी नावे आणि इतके गुण पाठ होते की क्रियापदे बापडी बाजूलाच राहिली.

खुरपणी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. पीक वीतभर झाले की बायांची टोळी शेताच्या एका कडेने ओळीने बसते. प्रत्येकीच्या वाट्याला काही तासांची एक पात येते. उकिडवे बसायचे, डाव्या हाताने पीक सावरायचे, उजव्या हातातल्या खुरप्याने तण मुळाशी कापायचे आणि तसेच पुढे सरकायचे, दिवस मावळेतो. या सरकण्यात एक विलक्षण शिक्षण चालते. पोरसवदा मुलगी सासूच्या किंवा आईच्या शेजारची पात धरते. "हे टाक. हे ठेव. हे बाळंतिणीला. हे नको, हे त्याच्यासारखं दिसतं पण ते नाही." उपटलेल्यापैकी निवडक पाला ओच्यात जातो, उरलेला धुऱ्यावर. संध्याकाळी ओचा घरी चुलीपाशी रिकामा होतो. या विद्येला ना ग्रंथ ना गुरुकुल. रोजगारही बुडत नाही आणि भाजीला पैसाही पडत नाही. बाजारात वांगी-बटाट्याला हात लावता येत नाही अशा घरांचा पावसाळा याच ओच्यावर निघतो.

यांतला पहिला मान तरोट्याचा. कोकणात आणि देशावर ज्याला टाकळा म्हणतात तोच हा. मृगाच्या सरी पडल्या की आठ-दहा दिवसांत रस्त्याच्या कडेने, पडीक जागी, धुऱ्यावर याची हिरवी गर्दी उसळते. पाने तीन जोड्यांची, टोकाला गोलसर. दिवेलागणीला ती हात जोडल्यासारखी मिटतात. संस्कृतात याला चक्रमर्द म्हणतात. चक्र म्हणजे येथे गजकर्णाचे ते चकंदळ, आणि त्याचे मर्दन करणारा तो चक्रमर्द. दुसरे नाव दद्रुघ्न, त्याचाही अर्थ तोच. नाव ठेवणाऱ्याने औषधाची चिठ्ठीच नावात बांधून दिली आहे. मंठ्याकडे याचे बी ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लावतात. या बियांत क्रायसोफॅनॉल नावाचे द्रव्य असते आणि त्या जातीची द्रव्ये त्वचेच्या बुरशीविरुद्ध गुणकारी असल्याचे रसायनशास्त्रही सांगते. पावसाळ्यात ओल्या अंगाने शेतात राबणाऱ्या माणसाला गजकर्ण होणार, आणि त्याच पावसाने त्याच बांधावर त्याचा उतारा उगवणार, ही सोय विचार करण्याजोगी आहे.

खाण्यात मात्र तरोट्याचा उपयोग निराळा. कोवळा पाला तूरडाळ किंवा मूगडाळ घालून, लसणाच्या फोडणीवर परततात. उग्र वास फोडणीत जिरतो. उन्हाळाभर भाकर-ठेच्यावर काढलेल्या पोटाला ही भाजी हलकेच साफ करते. मावशींचा नियम असा : "तरोटा पहिल्या पावसाचा खावा. त्याला फूल दिसलं की त्याचं नाव सोडून द्यावं." गुरे तर त्याला कोवळेपणीही तोंड लावीत नाहीत. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगताना वडीलधारी माणसे खडी फोडण्याचे काम, सुकडी आणि लालभडक मिलोची भाकर यांच्याबरोबर पाल्याचीही आठवण काढतात. ज्याने आपल्याला दुष्काळात जगवले त्याच्याविषयी माणसाला एक तर कृतज्ञता वाटते, नाहीतर शिसारी येते. तरोट्याच्या वाट्याला दोन्ही आली. पुढच्या पिढीने तो गरिबीची खूण म्हणून ताटातून काढला.

"हे नको, हे त्याच्यासारखं दिसतं पण ते नाही" हे जे शेजारच्या पातीवरचे वाक्य मी वर दिले, त्याचे मोल तरोट्याच्या बाबतीत फार आहे. त्याचा एक सख्खा भाऊबंद आहे, कासविंदा. पानांच्या जोड्या याला जास्त, टोके अणकुचीदार, शेंग चपटी. २०१६ साली ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात आदिवासी मुले एकाएकी बेशुद्ध होऊन दगावू लागली. प्रथम सगळा संशय जपानी मेंदूज्वरावर होता. डॉ. टी. जेकब जॉन यांच्या समितीने शोध घेतला तेव्हा बऱ्याच मृत्यूंमागे कासविंद्याच्या बिया असल्याचा निष्कर्ष निघाला. भुकेली मुले खेळता खेळता त्या खात होती. तेव्हा 'निसर्गाचे ते सारे निरुपद्रवी' असे जे हल्ली सर्रास बोलले जाते ते खुरपणारी बाई कधीच बोलत नाही. तिची अर्धी विद्या कशाला हात लावू नये हीच आहे.

बाकीच्यांची ओळख थोडक्यात करून देतो. तांदुळजा आपल्या शहरी मंडईतही कधीमधी दिसतो. येथे तो बाळंतिणीचा, आणि अंगावरून जास्त जात असेल तर तांदळाच्या धुवणाबरोबर त्याचे मूळ द्यायची चाल. कुरडूचा पाला भाजीला आणि बी मूतखड्यावर. घेटुळी म्हणजे ग्रंथांतली पुनर्नवा. उन्हाळ्यात वाळून गेलेली वेल पावसाबरोबर मुळातून पुन्हा नवी होते म्हणून हे नाव. तिने लघवी मोकळी होते, म्हणून अंगावर सूज आली की ती खातात. पाथरी थंडीतली, हरभऱ्यात आणि रब्बी ज्वारीत जमिनीला चिकटून पसरणारी. मोडली की पांढरा चीक येतो. बायका ती शेतातच धुऊन कच्ची खातात, किंवा कांदा, शेंगदाण्याचे कूट नि तेल घालून तिचा घोळाणा करतात. चिकामुळे दूध वाढते असा समज, त्यामुळे अंगावर पाजणारी बाई आणि दुभती म्हैस या दोघींनाही ती दिली जाते. कडू असते. मला आवडली, आमच्या मुलांना आवडणार नाही.

घोळीविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. मांसल पानांची, लालसर देठांची, जमिनीलगत लोळणारी ही भाजी सकाळी खुडली तर फार आंबट लागते आणि दुपारी खुडली तर कमी. मावशींनी हे सांगितले तेव्हा मी ते वहीत बोलीचा नमुना म्हणून लिहून घेतले. आमच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी मात्र त्यातले शास्त्र उलगडून सांगितले. पाण्याचा ताण पडला की घोळ दिवसा आपली छिद्रे मिटून घेते, हवा रात्री घेते आणि ती आम्लाच्या रूपाने साठवते. दिवसा ऊन लागले की ते आम्ल खर्च होते. अवर्षणाच्या मुलखात तगण्याची ही युक्ती जिभेने शोधून काढलेली! निजामी अमदानीत या भागात वैद्यांच्या जोडीने हकीमही होते आणि त्यांच्या पुड्यांत घोळीचे बी 'तुख्मे खुर्फा' या भारदस्त नावाने मिरवत असे. उष्णता, लघवीची आग, मूळव्याध यांवर ते देत. एकच पाला पाटलाच्या चुलीवर घोळ होता आणि हकीमसाहेबांच्या दवाखान्यात खुर्फा. १९८६ साली अमेरिकेत सिमोपोलोस आणि सालेम या संशोधकांनी दाखवून दिले की माशांच्या तेलामुळे प्रसिद्धी पावलेल्या ओमेगा-३ वर्गातली स्निग्धाम्ले या पाल्यात चांगल्या प्रमाणात आहेत. मात्र ज्यांना मूतखड्याची खोड आहे त्यांनी घोळीपासून दूर राहावे. तिच्यात ऑक्झलेट बरेच असते.

आता एक गमतीचा विरोध पाहा. चरकसंहितेच्या अन्नपानाच्या अध्यायात शाकवर्ग आहे, त्यात तांदुळजा आहे, चाकवत आहे. पण पुढच्या काळातल्या भावप्रकाशासारख्या ग्रंथात पालेभाज्यांविषयी एकंदरीने अविश्वासच दिसतो; रोगांचे ते घरच, असा सूर आहे. पांढरपेशा घरांत चातुर्मासाच्या नेमात शाक वर्ज्य करण्याची चाल होती, म्हणजे रान नेमके पाल्याने भरून वाहते तेव्हाच! पावसाळी पाल्यावरची कीड-माती पाहता त्या नेमात शहाणपण नव्हते असे नाही. पण खुरपणाऱ्या बाईला हा नेम परवडणारा नव्हता. तिने पाला तीन पाण्यांनी धुतला, उकळला, पहिले पाणी ओतून दिले आणि लेकरांना वाढला. पुस्तकाने टाकलेले तिने असे राखले. आपल्या घरांतून वर्षाचा एकच दिवस या बाईच्या चुलीपुढे नमते घेतले जाते, तो ऋषिपंचमीचा. बैलाच्या कष्टाचे खायचे नाही असा त्या दिवसाचा दंडक, आघाड्याच्या काडीने दात घासायचे आणि ऋषीची भाजी करायची. आपल्या गृहिणी त्या दिवशी मंडईत चढ्या भावाने ज्या जुड्या घेतात, त्या कोणाच्या तरी ओच्यातून आलेल्या असतात.

मात्र या सगळ्याला 'गावठी औषध' म्हणून डोक्यावर घेऊन नाचण्याची मला हौस नाही. काविळीवर भुईआवळीचा रस देतात आणि रोगी बरा होतो हे खरे. पण दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपली आपणच उतरते, आणि यश रसाच्या पदरात पडते. विंचवावर आघाड्याचे मूळ उगाळून लावतात. याच जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला गेले आणि कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडते हे त्यांनी दाखवून दिले. दंशाचे शंभर गंभीर रोगी आले तर त्यांतले चाळीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण एका टक्क्यापर्यंत खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जिल्ह्याने आघाडाही दिला आणि बावस्करही दिले. विंचू चावला असता कोणाकडे धावायचे याविषयी माझ्या मनात शंका नाही. उलट त्याच आघाड्याच्या राखेतून काढलेला क्षार, हळद आणि निवडुंगाचा चीक दोऱ्यावर चढवून जे क्षारसूत्र होते, त्याची भगंदरावर १९९१ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने रीतसर चाचणी घेतली. जखम भरायला शस्त्रक्रियेपेक्षा वेळ अधिक लागला, पण रोग उलटण्याचे प्रमाण कमी निघाले. पारखून घेतले म्हणजे असे निवडता येते.

पण मला सांगायचे ते याहून निराळे आहे. मावशींच्या लेखी तरोटा, घोळ, पाथरी ही 'औषधे' नव्हेतच. "औषध डॉक्टरचं, सर. ही भाजी हाये," असे त्या स्वच्छ म्हणतात. आजार झाल्यावर घ्यायचे ते औषध, आणि आजार फारसा होऊ नये म्हणून ऋतूच्या मागोमाग खात जायचे ती भाजी. मात्रा ठरवणारा ऋतू. मृगात पोट साफ करणारी, भाद्रपदात रक्त भरून काढणारी, पौषात दूध वाढवणारी, अशी ती पाळी लागलेली. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायांपैकी चोपन्न टक्के रक्तक्षयी निघाल्या. आधीच्या पाहणीत हा आकडा अठ्ठेचाळीस होता. नुसत्या पाल्याने तो खाली येईल असे कोणी म्हणणार नाही. पालेभाजीतले लोह अंगी लागायला लिंबू पिळावे लागते आणि तरी ते थोडेच लागते. पण ताटातून फुकटचा पाला जाऊन तेथे काय आले, हा प्रश्न उरतोच. मंठ्याच्या पोरांच्या हातात मला पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटे दिसली.

आणि पाला का गेला, याचे उत्तर शेताच्या मध्यभागी उभे आहे. पूर्वी येथे ज्वारी, मूग, उडीद, तूर, कापूस अशी सरमिसळ होती. आता नजर जाईल तेथवर सोयाबीन आणि कापूस. महिको या बियाणे कंपनीची स्थापना १९६४ साली जालन्यातच झाली आणि देशातला पहिला बीटी कापूस २००२ मध्ये तिच्याच द्वारे आला. तेव्हा नव्या शेतीची ही काही लांबून ऐकलेली वार्ता नव्हे, जिल्ह्याच्या अंगणातली गोष्ट आहे. सोयाबीन पेरले की पंधरा-वीस दिवसांनी पाठीवर पंप येतो. तणनाशकाचा एक फवारा, आणि तरोटा, कुरडू, तांदुळजा आठवड्यात पिवळे पडून माना टाकतात. राहतो बऱ्याचदा एकटा केना. हा मोठा चिवट. जमिनीखालीही फुलतो आणि तेथेच बी धरतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कापूसवाल्यांनी ग्लायफोसेट फवारून बाकीची तणे मारली, तेव्हा या केन्यानेच त्यांची झोप उडवली. मंठ्यातल्या बाया त्याची भजी करतात, ही बातमी त्यांना कोणी कळवली नसावी.

या फवाऱ्यावरून आमच्या यजमानांच्या घरी माझ्यादेखत खडाजंगी झाली. विद्यार्थी म्हणाला, "माय, बाया मिळत नाहीत. मिळाल्या तर रोज परवडत नाही. चार एकराला खुरपणी लावली तर सोयाबीन विकून मजुरीच निघती." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आणि मावशींनी ते खोडलेही नाही. त्या म्हणाल्या, "मला कुठं म्हणायचंय बाया लाव म्हणून? माझी कंबर गेली त्या पातीवर. सुनेची जावी असं वाटत नाही मला. पण इहिरीकडच्या धुऱ्यावर नको मारू. तेवढं हिरवं राहू दे." शेजारची एक विधवा बाई ओसरीत बसून ऐकत होती. तिला ना शेत ना धुरा. ती इतकी वर्षे दुसऱ्यांच्या पातीवर बसून भाजी आणीत आली. ती हळूच म्हणाली, "फवारलेल्याचं काय आणायचं? खाल्लं तर काय हुईल, कुणाला म्हाईत." मग कोणीच काही बोलले नाही. औषध म्हणून ज्याची ख्याती, त्याच पाल्यावर विष पडले असेल का, ही शंका एकदा शिरली की ओचा पसरायला हात धजत नाही.

शासनाचे कृषी खाते गेली काही वर्षे ऑगस्टात, आदिवासी दिनाच्या सुमारास, रानभाजी महोत्सव भरवते. तेथे टेबलांवर जुड्या मांडतात, गुणधर्मांच्या पाट्या लावतात, पाककृतींच्या स्पर्धा होतात. उपक्रम चांगला आहे. शहरात त्यामुळे तरोट्याला भाव आला आणि चार बायांना चार पैसे मिळाले. पण पाटी वाचून कासविंदा टाळता येत नाही. ते शेजारच्या पातीवरच कळते, आणि ती पातच आता पडत नाही. मावशींच्या सुनेला, जी पदवीधर आहे आणि गावच्या बचत गटाचे हिशेब चोख ठेवते, सहा-सात भाज्या ओळखता येतात. मावशींना एका दुपारी मी मोजायला लावल्या तेव्हा त्या एकतीसवर थांबल्या, आणि तेही चहा आला म्हणून.

आता दिवाळी आली आहे म्हणून एक गोष्ट सांगतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी तीन वनस्पतींच्या डहाळ्या डोक्यावरून फिरवाव्यात असे आपल्या धर्मग्रंथांत सांगितले आहे : आघाडा, तुंबी म्हणजे दुध्या भोपळा, आणि प्रपुन्नाड. हा प्रपुन्नाड म्हणजे दुसरे कोणी नसून टाकळा, आपला तरोटाच. सुगंधी उटणे नि मोती साबणाच्या गर्दीत हे आता पुष्कळ घरांतून सुटले आहे. मंठ्याकडे काही घरी आघाडा आणि तरोटा अजून फिरवतात. त्या वेळी तरोट्याला पिवळी फुले सरून लांब, वाकड्या, कोयतीसारख्या शेंगा धरलेल्या असतात. खाण्याच्या कामाचा तो केव्हाच राहिलेला नसतो. बी मात्र गजकर्णासाठी नि पुढच्या मृगासाठी तयार होत असते.

परवा विद्यार्थ्याचा फोन आला होता. सोयाबीन निघाले, भाव पडला, कापसाची पहिली वेचणी चालू आहे. विहिरीकडच्या धुऱ्यावर पंप नेला नाही, असे त्याने मी न विचारताच सांगितले. मावशींनी तेथला तरोटा बियांसाठी उभा ठेवला आहे. हरभऱ्याची पेरणी दिवाळीनंतर व्हायची आहे. त्यात पाथरी येते की नाही ते पौषात कळेल.